शत्रुप्रीती (ख्रिस्ती विचार)

शत्रूवर प्रेम करावे, शाप देणाऱ्याला आशीर्वाद द्यावा, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करावी, ही येशू ख्रिस्ताची शिकवण. मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनात (अध्याय ५ ते ७) आणि लूकच्या सहाव्या अध्यायात ती येते. मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’ या कुळातला आहे. त्यात मायेपेक्षा दुसऱ्याचे हित करण्याचा निश्चय अधिक आहे. मराठीत ‘प्रेम’ म्हटले की लळा-जिव्हाळा आठवतो आणि शिकवण अशक्य कोटीतली वाटते. लूक मात्र साधी कामे सांगतो: भले करा, परतफेडीची आशा न धरता उसने द्या.

मराठी साहित्याच्या इतिहासात या प्रवचनाचा धागा नागपूरला येऊन मिळतो. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्याने नवा करार टिळकांच्या हाती ठेवला. वाचायला बसले तेव्हा आरंभी टिळकांचे मन लागेना. गिरिप्रवचन आले आणि ते तीन अध्याय त्यांना सोडवेनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तांचा रोष ओढवला, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे नगरला दोघे एकत्र आले. लक्ष्मीबाईंनी आपला धर्म, आपले सोवळे सांभाळून वेगळी चूल मांडली आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा भाग शत्रुप्रीतीवरच्या कोणत्याही व्याख्यानाहून मोलाचा आहे, कारण वैर बहुधा असे आपल्याच माणसांत उभे राहते.

टिळकांना ही शिकवण परकी वाटली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पसायदानातही ज्ञानदेव दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागतात.

आधुनिक जीवनात या शिकवणीचा अर्थ लावताना मोठा धोका तिच्या गैरवापराचा आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि नांद’ म्हणणे, जातीचा अपमान गिळलेल्याला गप्प बसायला सांगणे, ही शत्रुप्रीती नव्हे. मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण’ सोडण्याची भाषा आहे, आणि ती नेमकी आहे. ऋण सोडायचे तर ते होते हे आधी मान्य करावे लागते, आणि सोडण्याचा हक्क ज्याचे बुडाले त्याचाच असतो. फिर्याद देऊनही सूड नाकारता येतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी हाच मार्ग धरला: अन्यायी कायद्याशी झुंज, पण माणसाचा द्वेष नाही.

शिक्षा होऊनही सूड नाकारल्याचे एक उदाहरण मध्य प्रदेशातले आहे. तिथे १९९५ मध्ये धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया यांची बसमधून खाली ओढून हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. तो शिक्षा भोगत असताना राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने संमती दिली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईवडिलांच्या घरी क्षमा मागायला गेला.