एकट्याचा नकार

कोट अंगाशी ओढून घ्या आणि खाली बघा. तारीख ६ जानेवारी १९३७. वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहाच्या प्रेक्षक सज्जात तुम्ही बसला आहात. खाली एक ठराव धावत निघालाय: स्पेनमध्ये यादवी चालू आहे तोवर तिथे कोणालाही अमेरिकन शस्त्रं मिळणार नाहीत. सिनेटने तो ८१ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलाय. घाईचं कारण न्यूयॉर्क बंदरात उभं आहे. ‘मार कान्ताब्रिको’ या स्पॅनिश जहाजावर विमानं चढवली जातायत. ती निघून जाण्याआधी दार लावायचंय. चर्चा नको, एकमताने उरकू, असं कोणीतरी सुचवतं.

तेवढ्यात एक माणूस उठून हरकत घेतो.

जॉन बर्नार्ड. जन्म कॉर्सिका बेटावरचा, हात मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणीत राबलेले. नुकतीच शपथ घेतलेला नवखा सदस्य. त्याच्या हरकतीने वेळ जातो आणि जहाज अर्धंमुर्धं भरून बंदराबाहेर पडतं. मतदान होतं तेव्हा विरोधात एकच मत पडतं, त्याचं.

बाकीच्यांचा राग करू नका. ही माणसं वाईट नाहीत. पहिल्या महायुद्धात लाखाहून अधिक अमेरिकन पोरं गेली, त्यांच्या आयांची पत्रं यांच्या टेबलांवर आलेली आहेत. दुसऱ्याच्या भांडणात पडायचं नाही, ही यांची प्रामाणिक भावना आहे. पण हे भांडण दोन सारख्यांचं नाही. एका बाजूला फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीतून आलेलं सरकार आहे, पाच-सहा वर्षांचं कोवळं प्रजासत्ताक, जिथे बायकांनी १९३३ मध्ये पहिल्यांदा संसदेसाठी मत दिलं. दुसऱ्या बाजूला बंडखोर सेनापती, आणि त्यांच्या पाठीशी हिटलरची विमानं व मुसोलिनीचं सैन्य. शिवाय बंदी शस्त्रांवर आहे. तेल आणि ट्रक तिच्यात येत नाहीत, आणि ते अमेरिकेतून बंडखोरांचा नेता फ्रँको याच्याकडे जात राहतील. दोघांना सारखाच नियम लावला की न्याय होतो, असं इथे कित्येकांना मनापासून वाटतंय.

चला, दीड वर्ष पुढे. जून १९३८, बार्सिलोना. शहर उपाशी आहे आणि रात्री भोंगे वाजतात. दिवे विझतात, तुम्ही अंधारात भिंतीला पाठ लावून उभे राहता, वर इंजिनांची घरघर. याच दिवसांत याच शहरात जवाहरलाल नेहरू आहेत, सोबत कृष्ण मेनन. पारतंत्र्यातल्या देशाचा नेता या बॉम्बफेकीखाली पाच दिवस काढून जातो.

स्पेनच्या प्रजासत्ताकाला शस्त्रं मिळालीच नाहीत असं नाही. ती रशियाने दिली. बदल्यात स्पेनचं सुमारे ५१० टन सोनं मॉस्कोला गेलं, आणि शस्त्रांबरोबर स्टालिनची माणसं आली. लोकशाही देशांनी पाठ फिरवली की गरज संपत नाही. ती दुसऱ्याच्या दारात जाते आणि तिथला भाव मोजते. या प्रजासत्ताकाच्या हातांनाही रक्त लागलेलं आहे, हजारो पाद्री मारले गेले, हे लपवून चालणार नाही. पण मदत करणाऱ्याचा शब्द ऐकला जातो. हात झटकणाऱ्याला अट घालता येत नाही.

जानेवारी १९३९ मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट बोलून गेले की ही बंदी मोठी चूक होती. मंत्री हॅरल्ड इकीज यांच्या रोजनिशीत ते नोंदलेलं आहे. त्याच महिन्यात बार्सिलोना पडलं. १ एप्रिलला फ्रँकोच्या विजयाने युद्ध संपलं, आणि पाच महिन्यांनी पोलंडवर तीच जर्मन विमानदळं घोंघावली.

आता एका रांगेत उभे राहा. १५ जून १९७७, माद्रिदमधलं मतदान केंद्र. तुमच्या पुढे पासष्टीच्या आसपासची बाई आहे. तिने याआधी खरंखुरं मत दिलं तेव्हा ती पंचविशीची असेल. मधे युद्धात आणि फ्रँकोच्या हुकूमशाहीत एकेचाळीस वर्षं गेली. रांग हळू सरकते. तिला घाई नाही.

परत या. २०२४ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे तोफखानेवाले गोळे मोजून वापरत होते, कारण आदल्या ऑक्टोबरमध्ये मागितलेली मदत त्याच प्रतिनिधिगृहात अडकली होती. १७ फेब्रुवारीला अवदीव्का शहर हातचं गेलं. मदत २० एप्रिलला ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर झाली. मधल्या महिन्यांत खंदकात बसलेल्यांना तो आकडा उपयोगाचा नव्हता. कोवळ्या लोकशाहीला दिलेली शस्त्रमदत वेळेवर पोचली तरच ती मदत, असं माझं ठाम मत आहे. हिशेब मागा, अटी घाला, दलाली आणि चोरी पकडा, पण पुरवठा तोडू नका.

त्या सभागृहात २०२३ पासून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदारही मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून बसू लागले. तुमची लेक, भाचा, शाळेतला मित्र तिकडे मतदार असेल, तर त्यांना आज रात्रीच्या फोनवर एवढं सांगा: आपल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करा, युक्रेनची मदत चालू ठेवा म्हणून सांगा, आणि पुढचं मतदान होण्याआधी सांगा.