एका बारीक छिद्राचा इतिहास

मंडळी, कामगारांच्या सभेत सगळे एकदम बोलू लागले की कोणाचेच धड ऐकू येत नाही. अध्यक्ष एकेकाला उभे करतात, तेव्हा कुठे सभेचे म्हणणे कळते. ज्या सूक्ष्मदर्शकाचा इतिहास आज सांगायचा आहे, त्याचे मर्म हेच आहे.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जाड नमुना एकदम सगळा उजळतो. ज्या थरावर भिंग रोखावे, त्याच्या वरखालचा प्रकाशही डोळ्यांत शिरतो आणि चित्र धूसर होते. १९५५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्व्हिन मिन्स्की या तरुण गणितज्ञापुढे हीच अडचण होती. मेंदूतील मज्जापेशी एकमेकींना कशा जोडल्या आहेत, हे त्यांना पाहायचे होते. पण त्या गुंत्यात काही उमगेना.

त्यांनी एका बारीक छिद्रातून येणारा प्रकाश भिंगाने नमुन्यातील एकाच बिंदूवर आणला आणि तिथून निघणाऱ्या प्रकाशाच्या वाटेवर दुसरे छिद्र ठेवले. त्या बिंदूचा प्रकाश पार होतो. इतर थरांचा तिथे पसरलेला असल्यामुळे बहुतेक अडतो. पण एका बिंदूने चित्र कसे होणार? म्हणून त्यांनी प्रकाश स्थिर ठेवून नमुनाच ओळीमागून ओळ हलवला आणि बिंदू लष्कराने काढून टाकलेल्या रडारच्या पडद्यावर उमटवले. एका चित्राला सुमारे १० सेकंद लागत.

१९५७ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९६१ साली मिळाले. पाहुण्यांना मात्र पडद्यावरचे चित्र पाहून फारसे काही वाटले नाही. यंत्र मागे पडले.

पुढे १९६०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात पेत्रान आणि हाद्राव्स्की यांनी फिरत्या चकतीवर अनेक छिद्रे पाडून तेच तत्त्व वापरले. १९८०च्या दशकात इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉन व्हाइट, ब्रॅड अमोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हलत्या आरशांनी लेसरचा किरण नमुन्यावर फिरवला. आता नमुना जागेवर राहिला. प्रकाशमापक नळी प्रत्येक बिंदूची उजळी मोजते, संगणक ते आकडे जुळवून चित्र करतो आणि थरावर थर रचले की पेशीचा घनाकार दिसतो. त्यांचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला.

तोवर मिन्स्कींच्या पेटंटची मुदत संपून गेली होती. त्यांची कल्पना चुकीची नव्हती. तिला लेसर आणि स्वस्त संगणक यांची साथ मिळायची होती. म्हणून, मंडळी, एखाद्याचे काम आज पुसट दिसले तरी ते मोडीत काढण्याची घाई करू नये.