पूर्णवेळ व अंशकालीन फोर-व्हील ड्राइव्ह : एका यांत्रिक निवडीचा इतिहास

चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या मोटारींचा इतिहास सांगताना एक क्रम बहुधा गृहीत धरला जातो. प्रथम चालकाने गरजेनुसार पुढील चाके जोडावयाची अंशकालीन, म्हणजे पार्ट-टाइम पद्धती आली. पुढे तंत्रज्ञान प्रगत झाल्यावर तिची जागा पूर्णवेळ, म्हणजे फुल-टाइम पद्धतीने घेतली, असा तो क्रम होय. प्रस्तुत लेखात हा क्रम तपासावयाचा आहे, कारण कालानुक्रमाच्या कसोटीवर तो टिकत नाही.

मूळ अडचण वळणाची आहे. वळताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठ्या कमानीवरून जातात, म्हणजे तेवढ्याच वेळात अधिक अंतर कापतात. पुढील व मागील आस परस्परांस घट्ट जोडले की दोहोंना समान वेगाने फिरणे भाग पडते. चिखलात वा वाळूत चाके किंचित घसरून हा फरक पचवितात. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यांना तशी मुभा नसते. मग ताण शाफ्ट व गिअरमध्ये साठत जातो, टायर झिजतात, स्टिअरिंग जड होते आणि प्रसंगी जोडलेली तरफ सुटता सुटत नाही. अंशकालीन वापराची मर्यादा अशी जमिनीने घातलेली आहे. चालकाच्या लहरीशी तिचा संबंध नाही. पूर्णवेळ पद्धतीत दोन आसांमध्ये आणखी एक डिफरन्शियल बसवून हा ताण मोकळा केला जातो. मात्र एखादे चाक चिखलात अधांतरी फिरू लागले की शक्ती त्याच वाटेने वाया जाते व गाडी जागीच थबकते. म्हणून मधल्या डिफरन्शियलला कुलूप लावण्याची सोय ठेवावी लागते. ते कुलूप लागताच दोन्ही आस पुन्हा एकमेकांस जखडले जातात, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

आता कालक्रम पाहू. नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीची 1903 ची सहा सिलिंडरची मोटार कायम चारही चाकांवर चालणारी होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, क्लिंटनव्हिल येथे, ऑटो झॅको व विल्यम बेसरडिक यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या एफडब्ल्यूडी कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने वापरले गेले. त्यांतही चालन पूर्णवेळ होते व मधल्या डिफरन्शियलला कुलूप होते. म्हणजे ज्यास आपण आधुनिक समजतो ते जुनेच होय.

अंशकालीन पद्धती सर्वत्र रूढ केली ती दुसऱ्या महायुद्धातील जीपने. 1941 पासून विलीज व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. मधले डिफरन्शियल वगळल्याने यंत्रणा साधी व दुरुस्तीस सोपी राहिली. चालकाजवळ ट्रान्स्फर केसच्या दोन तरफा असत. एक पुढील आस जोडण्यासाठी, दुसरी वेगाच्या श्रेणीसाठी. पुढील आस जोडल्याखेरीज मंद श्रेणी पडत नसे. चालकाच्या विवेकावर भिस्त ठेवणाऱ्या यंत्रातही एवढा अंकुश होताच.

या दृष्टीने लँड रोव्हरचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 1948 च्या मूळ गाडीत पुढील आसाकडे शक्ती कायम जात असे. परंतु वाटेत फ्रीव्हील बसविलेले असल्याने वळणावर पुढील चाके मोकळेपणाने पुढे धावू शकत. डिफरन्शियलविना साधलेली ही तडजोड चतुर होती. तथापि उतारावर इंजिनाचा रोध पुढील चाकांपर्यंत पोहोचत नसे. तो हवा असल्यास चालकाने पायाजवळील कडी ओढून फ्रीव्हील जखडावे लागे. 1950 मध्ये कंपनीने ही रचना सोडली आणि निवडीची, अर्थात अंशकालीन पद्धती स्वीकारली. वीस वर्षांनी, 1970 मध्ये, त्याच कंपनीच्या रेंज रोव्हरमध्ये पूर्णवेळ पद्धती परतली, ती मधल्या डिफरन्शियलसह व त्याच्या कुलुपासह. तत्पूर्वी 1966 च्या जेन्सन एफएफ या मोटारीत फर्ग्युसन पद्धतीचे पूर्णवेळ चालन आले होते, पण अशा मोटारी केवळ 320 बनल्या. 1980 ची ऑडी क्वाट्रो व तिची शर्यतींतील कीर्ती सर्वपरिचित आहे. 1991 च्या मित्सुबिशी पजेरोमध्ये तर दोन चाकांचे चालन, पूर्णवेळ चालन आणि कुलूपबंद चालन एकाच तरफेवर आले. तेव्हा या दोन पद्धती परस्परविरोधी मानण्याचे कारणही उरले नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध माझगावमार्गे येतो. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस प्रारंभ केला आणि तहसील कचेरीपासून ऊस कारखान्यापर्यंत 'जीप' हा शब्द मराठीत स्थिरावला. गंमत अशी की पुढे केवळ मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्याही याच नावाने ओळखल्या गेल्या. शब्द आकाराला चिकटला, यंत्रणा मागे राहिली. त्याच कंपनीने 2020 मध्ये आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये टचस्क्रीन आली, स्वयंचलित गिअरचा पर्यायही आला. परंतु पुढील चाके जोडण्याचे काम चालकाच्या हाताशी असलेल्या तरफेकडेच ठेवले गेले.