ओल, ऊद आणि वारा

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळा पुण्यास काढीत. सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, १८२८ च्या सुमारास, त्यासाठी दापोडीचा बंगला सरकारात घेण्यात आला. पुढे सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६४ पासून, गणेशखिंडीतील तो प्रासाद उभा राहू लागला, ज्याच्या आवारात आज विद्यापीठ नांदते आहे. या स्थलांतरामागील तर्क उघड होता: मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या पुण्याच्या वाट्याला सातशेच्या आसपासच येतो. परंतु पाऊस थोडा म्हणून ओलही थोडी, हा हिशेब ज्यांनी आषाढ-श्रावणात पुण्यास बिऱ्हाड केले नाही अशांचाच असू शकतो. मुसळधार पाऊस पडून जातो आणि मागाहून ऊन पडते. पुण्याची झिमझिम मात्र पडतही नाही आणि जातही नाही, आठवडाच्या आठवडा सूर्यदर्शन घडू देत नाही, आणि दांडीवरचे धोतर, फडताळातली पोथी व कोपऱ्यातले जोडे या सर्वांना एकच एक कुबट वास बहाल करून जाते.

या वासाशी पुणेकरांनी जो दीर्घ लढा दिला त्याचा इतिहास कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तो लिहावयाचा झाल्यास त्याचे शेवटचे प्रकरण मोटारीतील वातानुकूलन यंत्रावर लिहावे लागेल, हे ऐकून जुन्या इतिहाससंशोधकांनी भुवया उंचावल्या असत्या. तथापि आरंभ वाड्यापासूनच केला पाहिजे. दगडी जोते आणि त्यावर विटामातीच्या भिंती अशा वाड्यात जमिनीची ओल भिंतीत चढे आणि पोपडे धरी. चौकातून उजेड व वारा येई खरा, पण माजघरापर्यंत पोचताना दोघेही थकत. अशा घरांत न वाळलेली लुगडी व बाळाची दुपटी निखाऱ्याच्या शेगडीवर बांबूचे डालगे पालथे घालून त्यावर पसरीत. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग व लसणाच्या सालींची धुरी देत. आणि तिन्हीसांजेला धुपाटण्यातून ऊद फिरवीत. ही धुरी केवळ सुवासासाठी नव्हे. जखमी मनुष्याच्या खोलीत मोहरी, निंबाची पाने, तूप आणि मीठ यांचा धूप घालावा असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे, आणि त्याचा हेतू शुद्धीचा आहे. उलटपक्षी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा जो अध्याय आहे, त्याचा विषय शौकाचा, म्हणजे दरवळ कसा निर्माण करावा हा आहे. दुर्गंधाचे मूळ नाहीसे करणारी एक परंपरा आणि त्यावर सुगंधाची शाल पांघरणारी दुसरी, अशा या दोन परंपरा आपल्याकडे शतकानुशतके शेजारी नांदल्या, आणि सामान्य जनांनी दोहोंची बेमालूम सरमिसळ केली.

सरकारदरबारी मात्र ही सरमिसळ चालणारी नव्हती. पेशव्यांच्या कारखान्यांत तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारा फरासखाना होता, ज्याचे नाव बुधवार पेठेतील पोलीस चौकीने अद्याप जिवंत ठेवले आहे. दसऱ्याचे सीमोल्लंघन होऊन फौजा बाहेर पडावयाच्या, म्हणजे चार महिने घडी पडून राहिलेले कापड त्याआधी उलगडून वाळवणे क्रमप्राप्त होते. ओलसर तंबूवर अत्तर शिंपडून कोणी मोहिमेस निघत नाही. कागदांची गोष्ट याहूनही नाजूक. रुमालांत बांधलेल्या दप्तरांत व पोथ्यांत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला घालीत, तो किड्यांसाठी. ओलीवर इलाज एकच, रुमाल सोडून कागदांना वारा देणे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या पुढील काही वर्षांत पेशवे दप्तरातून जे ४५ खंड निवडून छापले, ते कागद शतकभराहून अधिक काळ टिकले याचे श्रेय इतिहासात नाव न आलेल्या ज्या कारकुनांकडे जाते, त्यांचे शास्त्र एवढेच होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतून पाणी फिरले, तेव्हा हेच शास्त्र गाळाने भरलेल्या घराघरांना, तेही ऐन पावसाळ्यात, नव्याने गिरवावे लागले.

आता थंडाव्याकडे वळू, कारण मोटारीतील वासाचा वंशवृक्ष ओलीपेक्षा थंडाव्याच्या बाजूने अधिक जवळचा आहे. वाळ्याच्या मुळांचे पडदे करून त्यांवर पाणी शिंपडावे आणि त्यांतून येणाऱ्या वाऱ्याने उन्हाळ्यात हिवाळा अनुभवावा, ही अकबराच्या दरबारातील चाल अबुल फजलाने आईन-इ-अकबरीत नोंदली आहे. इंग्रज अंमलदारांनी ती उचलली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला यंत्राची जोड दिली: खिडकीत लाकडी पेटी, पेटीला वाळ्याच्या ओल्या तट्ट्या, आणि आत हाताने फिरवावयाचा पंखा. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत ओल्या पृष्ठभागावरून वारा गेला की तो थंड होतो, हे तत्त्व; आणि सतत ओल्या राहिलेल्या त्या पृष्ठभागावर काही काळाने बुरशी धरते, हा त्या तत्त्वाला जडलेला शाप. वाळा स्वतःच सुगंधी असल्यामुळे हा शाप पुष्कळ काळ झाकला जाई. शिवाय पहिल्या वळवानंतर, हवा दमट झाली की तट्ट्या निरुपयोगी ठरत आणि काढून ठेवाव्या लागत, त्यामुळे वर्षातून एकदा तरी त्या आपोआपच कोरड्या होत.

यंत्रयुगाने हा वार्षिक विश्राम काढून घेतला. १९३४ साली फ्रंटियर मेल या आगगाडीचे डबे थंड करण्यात आले ते डब्याखालच्या पेट्यांतून बर्फाच्या लाद्या ठेवून, म्हणजे अर्ध्या जुन्याच रीतीने. परंतु १९३९ च्या अखेरीस अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने मोटारीत जे शीतयंत्र बसवून दाखवले, त्यात बर्फ नव्हता, वाळा नव्हता आणि पाणीही घालावयाचे नव्हते. ते यंत्र मागच्या डिकीत बसे, आणि बंद करावयाचे तर इंजिन थांबवून, झाकण उघडून, हाताने पट्टा काढावा लागे! पाणी घालावयाचे नव्हते, पण पाणी सुटत मात्र होते. दमट हवा थंडगार कॉइलवरून गेली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकते. अर्थात वाळ्याची तट्टी हवेत ओल सोडी, तर हे यंत्र हवेतील ओल पिळून काढते, आणि त्यापायी स्वतः निरंतर ओले राहते.

पुण्याचा या यंत्राशी संबंध गिऱ्हाइकाचा तसाच निर्मात्याचाही. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना १९६६ पासूनचा. तेथूनच १९९१ च्या सुमारास सिएरा निघाली, जिच्यात वातानुकूलन हा मालकाने मागाहून लटकवलेला अलंकार नसून गाडीचाच अवयव होता. १९९५ मध्ये पिंपरीतच मर्सिडीज जुळवल्या जाऊ लागल्या, आणि १९९८ मध्ये इंडिका अवतरली. एकेकाळी फियाटच्या डॅशबोर्डखाली बाहेरून यंत्र बसवून घेणे ही चैनीची परमावधी होती; इंडिकेने ती चैन सरकारी कारकुनाच्या आणि टॅक्सीवाल्याच्या आवाक्यात आणली. दादर-पुणे फेऱ्या करणाऱ्या कूल कॅबमधून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना बोरघाटाच्या चढणीवरील एक अनुभव स्मरत असेल: इंजिनावर भार नको म्हणून चालक यंत्र बंद करी, पंखा मात्र चालू ठेवी, आणि क्षणार्धात गाडीभर ओल्या कांबळ्यासारखा वास पसरे. लोक घाटातल्या धुक्याला दोष देत. वस्तुतः कॉइल गरम होऊन तिच्यावर साचलेले पाणी, आणि त्या पाण्यात सुखाने वाढणाऱ्या जंतूंचा व बुरशीचा दर्प, पुन्हा हवेत मिसळत असे.

या जंतूंना अन्न पुरवण्यात पुणे शहर काटकसर करीत नाही. बांधकामांची धूळ आहेच; पण प्रभात रस्ता किंवा लॉ कॉलेज रस्ता यांसारख्या छायेच्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या काचेखालील जाळीत गुलमोहराची व पर्जन्यवृक्षाची इवलीशी पाने वर्षभर गळत राहतात, हवा आत घेणाऱ्या वाटेत कुजतात, आणि पाणी जाण्याची छिद्रेही बुजवतात. झाडे तोडा असे मी अर्थातच सुचवीत नाही. जाळी साफ करा, इतकेच.

मग गिऱ्हाईक नाना पेठेची वाट धरते. नाना फडणिसांच्या नावाची ही पेठ गाड्यांच्या सुट्या भागांचे माहेरघर झाली. येथे वराहमिहिराचे अनुयायी संख्येने पुष्कळ: चंदनाच्या, मोगऱ्याच्या, लिंबाच्या वासाच्या कुप्या व डब्या दुकानांतून टांगलेल्या दिसतात, आणि कापराच्या वड्या गाडीत ठेवणारे भाविकही आढळतात. ‘गॅस भरून घ्या’ असा सल्लाही कोठे कोठे मिळतो; गॅस भरल्याने थंडावा वाढेल, वासाला त्याची खबरही लागणार नाही. जाणता कारागीर प्रथम गाडीखाली वाकून ड्रेन पाइप तुंबला आहे काय हे पाहतो. मग डॅशबोर्डच्या कप्प्यामागील केबिन फिल्टर काढतो, जो स्वस्त गाड्यांत पूर्वी पुष्कळदा नसेच, आणि असला तर काळाकुट्ट निघतो. नंतर कॉइलवर फेस सोडून ती धुतो. आणि प्रकरण हाताबाहेर गेले असेल तर डॅशबोर्ड उतरवण्याची तजवीज करतो, ज्याच्या बिलाने मालकाला उरलेले आयुष्य दक्षतेने जगण्याची बुद्धी होते.

त्या दक्षतेत कष्ट फारसे नाहीत. मुक्काम चार-पाच मिनिटांवर आला की एसी बंद करावा, ब्लोअर चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी, म्हणजे कॉइल वाळून निघते. आतलीच हवा फिरवणारे बटण सदासर्वकाळ दाबून ठेवू नये, कारण श्वासातली, छत्रीतली व भिजलेल्या पायपोसातली ओल मग गाडीतच घोटाळत राहते. आणि पाऊस उघडला की पायपोस उन्हात टाकून दारे सताड उघडी ठेवावीत. काही कंपन्यांनी आता गाडी बंद झाल्यावर पंखा आपोआप काही वेळ फिरवून कॉइल वाळवण्याची सोय दिली आहे आणि तिची नव्या शोधासारखी जाहिरातही चालवली आहे. पेशवे दप्तरातील कारकुनांना या शोधाचे नवल वाटले नसते. त्याची किंमत ऐकून मात्र वाटले असते.