मुखवट्याच्या आत कोण आहे?

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी तो इथं लिहून देतोय.

भोकरच्या बाजारात, नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या नव्या दुकानाचं उद्घाटन असलं, की दारात एक अस्वल उभं असतं. डोकं भलंमोठं, अंगभर केस. ते हात हलवतं, पोरांना मिठी मारतं, सेल्फी देतं. आपण फोटो काढतो, स्टेटसला टाकतो आणि पुढं जातो. आत कोण होतं, हे आपण विचारत नाही.

मोठ्या स्टेडियमवर असंच काम करणाऱ्याला मॅस्कॉट म्हणतात. मराठी पेपरात त्याला 'शुभंकर' लिहितात, कधी 'बोधचिन्ह' लिहितात. 'बोधचिन्ह' या शब्दातच गडबड आहे बघा. चिन्ह म्हणजे चित्र, आणि चित्र कागदावर गप्प बसतं. मैदानावर उड्या मारतो तो माणूस असतो. आज या माणसाचा इतिहास सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सादरीकरणाची कला आहे. आणि आपल्या मुलखाला ती नवी नाही.

सुरुवात घरापासून करू. पैठण आपल्या मराठवाड्यातलंच. तिथल्या एकनाथांच्या भारुडांत जोशी येतो, गोंधळी येतो. सोळाव्या शतकातली ही पात्रं लोक आजही सोंग घेऊन उभी करतात. बहुरूपी तर तुम्ही पाहिलाच असेल. खाकी घालून दारात येतो, अटकेची धमकी देतो, आपण दचकलो की हसतो आणि हात पुढं करतो. जुन्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे 1948 पर्यंत आपण ज्यात होतो त्या मुलखात, मोहरमला वाघाचं सोंग निघायचं. अंगाला पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, मागं शेपूट. कित्येक जण नवस फेडायला वाघ व्हायचे. 1832 साली इंग्रजीत छापलेल्या 'कानून-ए-इस्लाम' या जाफर शरीफ यांच्या पुस्तकात मोहरमच्या सोंगांची जंत्री आहे. तिच्यातही वाघ आहे.

आता भोकर स्टेशनवरून आदिलाबादच्या गाडीत बसा. हिमायतनगर, किनवट मागं टाकत गाडी जंगलपट्ट्यातून जाते. या भागातले गोंड लोक दिवाळीत दंडारी करतात. तिच्यातला घुसाडी डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा मुकुट घालतो, अंगाला राख फासतो. त्या दिवसांत त्याच्यात देवाचा संचार असतो, अशी श्रद्धा आहे. आदिलाबादकडचे घुसाडी कलावंत कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. घुसाडी म्हणजे मॅस्कॉट नव्हे, तो देवाचा मामला आहे. पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे. नुसता पोशाख चढवून भागत नाही, चाल बदलावी लागते. वाघ चार पट्ट्यांनी होत नाही, खांद्यातून होतो.

आता मैदानावर येऊ. 'मॅस्कॉट' हा शब्द गाजला 1880 च्या 'ला मास्कोत' या फ्रेंच संगीतिकेमुळं. अर्थ काय, तर नशीब घेऊन येणारं माणूस किंवा वस्तू. फुटबॉल वर्ल्ड कपला पहिला मॅस्कॉट मिळाला 1966 मध्ये, इंग्लंडचा सिंह विली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला वाल्डी नावाचा कुत्रा आला. आपल्याकडं 1982 च्या दिल्ली एशियाडचा हत्ती अप्पू इतका लाडका झाला, की दोन वर्षांनी दिल्लीत अप्पू घर नावाचं मनोरंजन उद्यानच उघडलं. 2008 मध्ये पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा 'जिगर' नावाचा वाघ होता. 2010 च्या दिल्लीतल्या शेराचा हा धाकटा भाऊ. 2023 मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धांना 'मोगा' नावाचा गवा होता. त्या स्पर्धेत महाराष्ट्रानं 80 सुवर्णपदकं घेऊन पहिला नंबर काढला. आणि 2025 च्या खो-खो वर्ल्ड कपला 'तेजस' आणि 'तारा' ही हरणांची जोडी होती.

ही सगळी नावं प्राण्यांची आहेत. आत शिरलेल्या माणसाचं नाव या यादीत एकही नाही.

मग आतल्या माणसामुळं खरंच फरक पडतो का? याचं उत्तर अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात मिळालं. 1974 मध्ये टेड जियानुलास नावाच्या कॉलेजच्या पोरानं एका रेडिओ स्टेशनसाठी कोंबड्याचा पोशाख घातला. काम काय, तर प्राणिसंग्रहालयात पोरांना ईस्टरची अंडी वाटायची. पगार ताशी 2 डॉलर. हा गडी तिथं थांबला नाही, बेसबॉलच्या मॅचला जाऊन नकला करू लागला. अंपायरला छळायचा, खेळाडूंची खोडी काढायचा. लोक मॅचसोबत कोंबडा बघायला यायला लागले. 1979 मध्ये भांडण झालं. स्टेशननं त्याला काढलं आणि पोशाखात दुसराच माणूस घातला. बाहेरून सगळं तसंच होतं. तरी प्रेक्षकांनी त्या नव्या कोंबड्याची हुर्यो उडवली! चेहरा दिसत नव्हता, आवाज नव्हता, पण हा आपला गडी नाही, हे लोकांना कळलं. टेड कोर्टात लढला आणि वेगळ्या पोशाखात कोंबडा होण्याची मोकळीक मिळवून आला. 29 जून 1979 ला भरमैदानात एका मोठ्या अंड्यातून तो बाहेर पडला, तेव्हा स्टेडियममध्ये सुमारे 47,000 लोक होते.

दुसरं नाव डेव्ह रेमंड. 1978 पासून फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाचा 'फॅनॅटिक' हा हिरवा विचित्र प्राणी तो करायचा. त्याच्या आईला ऐकू येत नव्हतं. हावभावांतून, अंगातून बोलायचं कसं, हे तो घरातच शिकला होता. पुढं त्यानं मॅस्कॉट होणाऱ्यांना शिकवायलाही सुरुवात केली.

का शिकवावं लागतं? विचार करा. चेहरा झाकलेला, म्हणजे हसू दाखवता येत नाही. बोलायचं नाही. डोकं जड, समोरचं धड दिसत नाही. राग, लाज, आनंद सगळं मान, खांदे आणि पायांतूनच दाखवायचं. हालचाल मोठी हवी, कारण शेवटच्या रांगेतल्यालाही ती समजली पाहिजे. वरून उकाडा. आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा 40 च्या वर जातो. त्या उन्हात फरच्या पोशाखात दहा मिनिटं नाचून बघा.

बहुरूपी आणि मॅस्कॉट यांच्यात मला एक मोठा फरक दिसतो. बहुरूपी शेवटी सोंग सोडतो. आपण फसलो, त्यानं फसवलं, हे दोघांनाही कळतं आणि मग आपण त्याच्या हातावर पैसे ठेवतो. ती दाद त्या माणसाला असते. मॅस्कॉटनं मात्र लोकांसमोर डोकं काढायचं नाही, हा या धंद्याचा नियम आहे. लहान पोरांसाठी तो बरोबरही आहे. पण त्यामुळं दाद हत्तीला मिळते, वाघाला मिळते, आतल्याला नाही. आपल्या राज्यात वयस्कर लोककलावंतांना मानधन देणारी योजना आहे. फरच्या पोशाखातल्या पोराला कलावंत म्हणायचं, हे मात्र अजून आपल्या डोक्यातही येत नाही. हजेरी मिळाली की संपलं.

तुमच्यापैकी कित्येक जण गावात टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवता, कबड्डीचे सामने घेता. कधी मॅस्कॉट ठेवलात, तर तीन गोष्टी करा. सोबत एक माणूस द्या, कारण त्याला आतून नीट दिसत नाही. थोड्या थोड्या वेळानं सावलीत नेऊन पाणी पाजा. आणि बक्षीस समारंभात पोरंसोरं पांगली, की त्याचं नाव माईकवरून घ्या.

आणि ते दुकानाच्या दारातलं अस्वल? पुढच्या वेळी सेल्फी झाला की हळूच विचारा, "भाऊ, नाव काय तुमचं? पाणी देऊ का?"

तुमच्या गावात वाघाचं सोंग निघायचं का? आजोबांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!