नको असलेले मेल कसे टाळायचे, आणि तुमच्या ई-मेलची किल्ली कुणाकडे आहे?

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात अनेकांचा पहिला ई-मेल आयडी त्यांनी स्वतः उघडलेला नसतो. भरतीचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला नेट कॅफेत जायचं, 'ई-मेल आवश्यक' असं दिसलं की काउंटरवरचा मुलगाच आयडी काढून देतो. पासवर्ड बहुधा नाव आणि १२३. पुढे हाच आयडी बँकेला, विम्याला, खरेदीच्या ॲपला दिला जातो आणि 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं की नवी लिंक याच पत्त्यावर येते. म्हणजे मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीचंही बरंच काही.

तुमचा आयडी असा काढलेला असेल तर आधी पासवर्ड बदला. मग खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये रिकव्हरीचा मोबाइल नंबर कुणाचा आहे ते पाहा. तो कॅफेवाल्याचा असेल तर नुसता पासवर्ड बदलून उपयोग नाही. अनोळखी कॉम्प्युटरवरून लॉग आउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा.

स्पॅम येतो कुठून?

नको असलेल्या जाहिरातीचा मेल ही नवी गोष्ट नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थ्युर्क या विक्रेत्याने कॉम्प्युटरची जाहिरात एकाच वेळी सुमारे ४०० जणांना पाठवली होती. आज पत्ते दुकानाच्या फॉर्ममधून, फुटलेल्या डेटामधून आणि सगळ्यांचे पत्ते 'टू'मध्ये टाकून पाठवलेल्या निमंत्रणांतून पसरतात. अशा वेळी 'बीसीसी' वापरायला हवं, पण ते फार कमी जण करतात.

सर्वात कामाचा उपाय म्हणजे दोन आयडी. एक फक्त बँक आणि सरकारी कामासाठी, दुसरा खरेदी आणि ऑफरसाठी. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो, त्यामुळे पत्ता कुणी वाटला तेही कळतं. (काही फॉर्म मात्र हे चिन्ह स्वीकारत नाहीत.)

ओळखीच्या कंपनीचे मेल नको असतील तर 'अनसबस्क्राइब' करा. अनोळखी मेलमधल्या अशा लिंकवर मात्र क्लिक करू नका, कारण त्यामुळे पत्ता चालू असल्याचं समोरच्याला कळतं. तो थेट 'रिपोर्ट स्पॅम' करा. मेलमधलं चित्र उघडल्यावरही हीच माहिती जाऊ शकते, म्हणून चित्रं आपोआप न दिसण्याची सेटिंग ठेवावी.

चूक ग्राहकाची की बँकेची?

जाहिरातीच्या मेलने फार तर डोकं दुखतं. फिशिंगचा मेल खातं रिकामं करतो. पुण्यातल्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीच्या संचालकांनी अशाच एका मेलला प्रतिसाद दिला आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ मध्ये राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पैसे ज्या खात्यांत वळवले, ती उघडताना नीट तपासणी झाली नव्हती, हा बँकेवरचा ठपका. पण मेलला उत्तर दिल्यामुळे उरलेला भार तक्रारदारावरच राहिला.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातही हाच धागा आहे. ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, त्यानंतरचं बँकेचं. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार येत नाही.

बँकेच्या नावाने मेल आला तर पाठवणाऱ्याचं नाव नव्हे, पूर्ण पत्ता वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. त्यामुळे लिंक भलत्याच पत्त्यावर नेत असेल तर तिथेच थांबा.

तक्रार कुठे?

भारतात फक्त स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. दिशाभूल करणाऱ्या मेलचा उल्लेख असलेलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, त्याला निमित्त पालघरच्या दोन तरुणींच्या अटकेचं होतं. तोतयेगिरी करून फसवल्यास कलम ६६ड लागू होतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा. पुढच्या खात्यातून रक्कम काढली जाण्याआधी ती गोठवता येऊ शकते. बार्शी तालुका सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतो. तक्रारीसाठी जाताना मूळ मेल डिलीट न करता तसाच ठेवा, कारण तो कुठून आला याचा माग त्याच्या हेडरमध्ये असतो आणि स्क्रीनशॉटमध्ये हेडर येत नाही.