पांढरा ठिपका आणि बाराचा आकडा

आजोबा १९३२ साली लंडनहून डनहिलचा पाइप घेऊन आले, ही आमच्या घरातली ठरलेली गोष्ट. ती सांगून झाली की आजी पाइपच्या काळ्या नळीवरचा पांढरा ठिपका दाखवायची. "हा असला की माल अव्वल." आजीनंतर पाइप माझ्याकडे आला. मी ओढत नाही, पण एका दुपारी भिंग घेऊन त्यावरची अक्षरं वाचत बसलो.

अल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं आणि १९१० पासून स्वतःचे पाइप घडवायला घेतले. लाकूड ब्रायरचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती उष्णता सोसते, सहज जळत नाही. पांढरा ठिपका मात्र दर्जाची खूण म्हणून आलाच नव्हता. नळीची वरची बाजू कोणती, हे कळावं एवढंच त्याचं काम. प्रतिष्ठा त्याला नंतर चिकटली.

आमच्या पाइपावर 'शेल' असं कोरलं आहे. वाळूचा मारा करून लाकडाचा मऊ भाग झिजवायचा आणि टणक रेषा उरू द्यायच्या, ही १९१७ ची पद्धत. पुढे वर्तुळातला ४. हा दर्जा समजून अनेकजण फसतात. तो वाटीचा आकार आहे, १ सर्वांत लहान. खरी प्रतवारी झाली ती नावातच: कसोटीला न उतरलेल्या वाट्या १९२२ पासून 'पार्कर' या वेगळ्या नावाने विकल्या जाऊ लागल्या.

'मेड इन इंग्लंड'नंतर बारीक १२ दिसला. वाटी तडकली तर बारा महिन्यांत बदलून मिळे, म्हणून वर्ष कोरलं जाई. १९२१ चा पाइप १, म्हणून १९३२ चा १२. आजीची गोष्ट खरी! पण मोजणी १९६१ ला पुन्हा १ पासून सुरू झाली होती. म्हणजे १९७२ चाही १२. आणि वर्तुळातले आकडे तर १९५० नंतरचे.

आजोबा १९६८ मध्ये गेले.

मग वाटीत बोट घालून पाहिलं. आतून कोरी. ती कधी पेटलीच नव्हती.

काकांना फोन केला. १९७३ मध्ये ते इंग्लंडहून परतले होते. थोडा वेळ ते गप्प राहिले.

"मूळचा पाइप अण्णांच्या आजारपणात विकावा लागला रे. मी हा आणला, तेव्हा आईने हातात घेऊन ठिपका पाहिला आणि म्हणाली, हाच तो."

"तिला कळलं नव्हतं?"

"चाळीस वर्षं ती तो पाइप रोज पुसत होती. कळलं नसेल?"